अनुक्रमणिका आणि पृष्ठांक

ग्रंथारंभीची अनुक्रमणिका छापखान्याबरोबर आपल्याकडे आली, असा समज पुष्कळ सुशिक्षितांत आढळतो. तो खरा नाही. महाभारताच्या आदिपर्वातील पहिल्या उपपर्वाचे नावच अनुक्रमणिकापर्व आहे. कात्यायनाच्या नावावर असलेल्या सर्वानुक्रमणीत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आद्य शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता व छंद दिलेले आहेत. ग्रंथात काय आहे ते सांगावे आणि त्यातून काही गळू देऊ नये, अशी दोन्ही कामे या यादीकडे होती.

मराठीत हीच परंपरा चालत आली. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राच्या अखेरीस येणारी 'अवतरणिका' म्हणजे मागील अध्यायांचा क्रमवार गोषवारा होय. सप्ताहाचे रोजचे मुक्काम अध्यायांच्या आकड्यांनी ठरतात, पानांच्या नव्हे. याचे कारण उघड आहे. हस्तलिखिताची प्रत्येक प्रत निराळी; एकाच्या हातची शंभर पाने दुसऱ्याच्या हाती ऐंशी होत.

मुद्रणाने ही स्थिती पालटली. केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले; जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ साली मुंबईत निघाला. एका आवृत्तीच्या सर्व प्रतींत तेच वाक्य त्याच पानावर येऊ लागले, आणि प्रकरणाचे नाव व पृष्ठांक ही जोडी आम्हांस इतकी अंगवळणी पडली की ती अभेद्य वाटू लागली.

ई-पुस्तकाने ती जोडी फोडली आहे. वाचकाने अक्षर मोठे केले की पाने वाढतात, लहान केले की घटतात. अणदूरचा खंडोबा वर्षातील बहुतेक काळ अणदुरास आणि थोडा काळ नळदुर्गाजवळील मैलारपुरास असतो. देव एकच, ठिकाणे दोन. हा क्रम ज्यास ठाऊक नाही, तो यात्रेकरू रिकाम्या देवळाशी जाऊन उभा राहावयाचा. छापील पुस्तकाचे पृष्ठांक ई-पुस्तकात जसेच्या तसे उतरविणारा प्रकाशक वाचकाची हीच गत करतो. तेथे आकडा असतो, पण त्या आकड्याचे पान नसते.

२०११ साली सिद्ध झालेल्या ईपब पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीने पुस्तकात यंत्रास समजणारी अनुक्रमणिका असणे आवश्यकच ठरविले. किंडलवर २०१६ सालापासून मराठी पुस्तके मिळू लागली. तेव्हा विक्रीस पुस्तक सिद्ध करणाऱ्याने प्रकरणांची शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षके म्हणूनच नोंदवावीत, आणि त्यांवरूनच यादी तयार करावी. प्रत्येक नावावर बोट ठेवताच ते प्रकरण उघडले पाहिजे. यादीतील नाव व प्रकरणावरील नाव यांत काना-मात्रेचाही फरक नसावा. कवितांना नावे नसतील, तर आद्य शब्द द्यावेत; अभंगांच्या गाथांना चरणांची अकारविल्हे सूची जोडण्याची चाल आहेच.

हे काम क्षुल्लक समजून टाळण्यात मराठी ग्रंथाचीच हानी आहे. दुकानात आपण पुस्तक हाती घेऊन चाळतो. पडद्यावर विकत घेणाऱ्यास तेवढे चाळणे शक्य नसते. विनामूल्य दाखविलेल्या आरंभीच्या भागातील अनुक्रमणिका हीच त्याची पारख. घेतल्यावर हवे ते प्रकरण सापडले नाही, तर उत्तम ग्रंथही न वाचता पडून राहतो. आमच्या मते यात नवीन शिकण्यासारखे फारसे काही नाही. पानावर नव्हे, अध्यायाच्या नावावर विसंबावे, हे आपल्या पोथ्यांना पूर्वीच ठाऊक होते.