कंपनी बुडाली, इंजिन धावत राहिले : नागपूरच्या नॅरोगेजची कथा

१/ यंत्र घडवणारी कंपनीच नष्ट झाली, तर त्या यंत्राचे सुटे भाग आणायचे कोठून? नागपूरच्या नॅरोगेज रेल्वेपुढे हा प्रश्न दीर्घकाळ उभा होता.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या परिसरात अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांचे जाळे विणले. गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा, नागपूर आणि नागभीड ही गावे त्याने जोडली. नागपुरातील मोतीबाग हे या गाड्यांच्या दुरुस्तीचे मोठे ठाणे.

३/ येथील सीसी वर्गाची वाफेची इंजिने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली होती. १९६२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. इंजिने मात्र त्यानंतरही धावत राहिली.

४/ हे शक्य झाले, कारण सारे भाग सारखे नसतात. ब्रेकचे ठोकळे, पितळी बेअरिंग, पिस्टनच्या कड्या सतत झिजतात. पण मूळ आराखडा आणि ओतकामाचा लाकडी नमुना जपलेला असेल, तर रेल्वेच्या वर्कशॉपात ते नव्याने घडवता येतात.

५/ बॉयलर किंवा सिलिंडर यांची गोष्ट वेगळी. ते घडवणे महाग आणि वेळखाऊ. अशा वेळी त्याच वर्गाचे निकामी इंजिन हेच भांडार ठरते. एकाच नमुन्याची अनेक इंजिने असण्याचा खरा लाभ येथे कळतो.

६/ १९९२ मध्ये एकसमान गेजचे धोरण आले आणि एक विचित्र गणित जन्मले. एक मार्ग बंद झाला, की त्याची सामग्री उरलेल्या मार्गांना उपयोगी पडू शकते. म्हणजे भांडार भरते, ते व्यवस्था आटत असल्यामुळे! नवी खरेदी थांबते आणि जाणते कारागीर निवृत्त होत जातात.

७/ २०१५ मध्ये बालाघाट–जबलपूर आणि नागपूर–छिंदवाडा, तर २०१९ मध्ये नागपूर–नागभीड नॅरोगेज थांबली. मार्गच उरला नाही, की कालचा अमूल्य भाग वजनावर विकले जाणारे लोखंड होतो.

८/ मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे. तेथे इंजिन पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे : कंपनीच्या अंतानंतर या यंत्रांना आयुष्य दिले, ते आराखड्यांनी, लाकडी नमुन्यांनी आणि भांडाराच्या नोंदवह्यांनी. इंजिन जपले आणि हे कागद गमावले, तर यंत्राचे रूप उरेल. ते चालते ठेवण्याची विद्या नाही.