घाटाचें बळ आणि सपाटीचें तेल

मोटार विकत घेणारा आमच्या खानदेशांतील गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो तो हा, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "घाटांत दमत नाहीं ना?" हे दोन्ही प्रश्न एकमेकांचे वैरी आहेत हें त्याला ठाऊक असतें, तरी दोहोंचें उत्तर एकाच गाडीनें द्यावें अशी त्याची इच्छा असते. लांबीनें चार मीटरांच्या आंत, परंतु दिसावयास जीपसारख्या उंच अशा ज्या लहान एसयूव्ही गाड्या २०१३ सालापासून जळगांव-धुळ्याच्या रस्त्यांवर वाढत गेल्या, त्यांतील टर्बो एंजिनानें हें उत्तर आपणांस सांपडल्याचा दावा केला आहे. तो दावा कितपत खरा, आणि हें एंजिन आपल्या दारीं आलें तरी कसें, याचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

प्रथम आपला मुलूख पाहूं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळ्याची रांग, आणि मध्यें तापीचें सपाट खोरें. जळगांवाहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्यास जाणाऱ्यास चढ असा लागतच नाहीं. पण खानदेशाबाहेर पाऊल टाकूं म्हटलें कीं डोंगर आडवा येतो. मुंबईच्या वाटेवर धुळ्याजवळ लळिंग, इंदूरकडे जातांना पळासनेरच्या पुढें बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी, आणि चाळीसगांवाहून संभाजीनगराकडे वर चढणारा कन्नडचा घाट. या घाटास औट्रम घाट असेंही म्हणतात. ज्या जेम्स औट्रमनें १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारली व जिचें ठाणें धरणगांवीं होतें, त्याचेंच हें नांव. सारांश, आपला नित्याचा प्रवास सपाटीचा आणि प्रसंगाचा प्रवास घाटाचा.

जुन्या काळीं गाडीवान हा पेंच मोठ्या सोप्या रीतीनें सोडवीत असत. सपाटीवर एक जोडी गाडी ओढी. घाटाच्या पायथ्याशीं जादा बैल जुंपावयाचे आणि माथ्यावर सोडून द्यावयाचे. घाटापुरत्या बैलांना वर्षभर कोणी वैरण घालीत नसे. आगगाडीनेंही हीच युक्ति उचलली. आपण मुंबईहून परततांना कसाऱ्यास गाडी थांबत असे, तें कशासाठीं? १८६५ सालीं खुल्या झालेल्या थळ घाटांत सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे; तो चढण्यासाठीं मागें जादा एंजिनें लावीत आणि इगतपुरीस तीं काढून घेत. रेल्वेवाले त्यांस बँकर म्हणतात.

मोटारीस मात्र पायथ्याशीं बैल कोण आणून देणार? घाटासाठीं लागणारें बळ तिला सदैव पोटांत घेऊन हिंडावें लागतें, आणि मोठें एंजिन सपाटीवर रिकामें चालतांनाही तेल खातें. टर्बोची कल्पना येथें उपयोगी पडते. एंजिनांतून जो तप्त धूर बाहेर फुकट जातो, त्याच्या झोतानें एक लहानसें चाक फिरवावयाचें. त्याच दांड्यावर दुसरें चाक बसवून त्यानें बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबावयाची. हवा अधिक गेली कीं अधिक पेट्रोल जळूं शकतें, आणि लहान एंजिन मोठ्याचें काम करतें. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरानें याचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. अमेरिकेंत १९१८ सालीं पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर विमानाचें एंजिन नेऊन, विरळ हवेंत टर्बोनें तें कसें चालतें याची परीक्षा पाहण्यांत आली. म्हणजे ही विद्या आरंभापासून उंचीशींच निगडित आहे. तेथील मोटारगाड्यांत ती १९६२ सालीं आली. आपल्याकडे 'टर्बो' हीं अक्षरें लोकांनीं प्रथम वाचलीं तीं बहुधा डिझेल ट्रकांच्या अंगावर.

मग लहान गाडींत ती एवढ्या लगबगीनें कां शिरली? येथें एंजिनियराइतकाच करवसुलीचा हात आहे, आणि माझ्या मतें तोच अधिक. २८ फेब्रुवारी १९०० नव्हे, २००६ चा तो दिवस. केंद्रीय अंदाजपत्रकांत लहान गाड्यांवरील अबकारी कर शेंकडा २४ वरून १६ वर आणला गेला. लहान कोणती? जिची लांबी चार मीटरांहून अधिक नाहीं आणि जिचें एंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० सी.सी.च्या व डिझेलचें असल्यास १५०० सी.सी.च्या आंत आहे ती. या दोन रेघांच्या आंत जीपसारखी उंच, जड गाडी बसवावयाची, तर लहान एंजिनास टर्बो लावण्यावांचून उत्तम मार्ग कोणता? २०१३ सालीं फोर्डची इकोस्पोर्ट आली. तिच्या एका प्रकारांत ९९९ सी.सी.चें तीन सिलिंडरांचें एंजिन सुमारें १२५ अश्वशक्ति देत होतें. २०१७ सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवच्या कारखान्यांतून टाटांची नेक्सन निघाली, २०१९ सालीं महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० आली. त्याच वर्षींच्या ह्युंदाई व्हेन्यूचें उदाहरण फार बोलकें आहे. तिचें साधें १२०० सी.सी.चें एंजिन ८३ अश्वशक्तीचें, आणि त्याहून लहान, हजार सी.सी.चें टर्बो एंजिन १२० चें!

उलट बाजूही पाहावी. मारुतीची ब्रेझा २०१६ सालीं डिझेलवर आली. परंतु पेट्रोल व डिझेल यांच्या किंमतींतील जुनें अंतर, २०१४ च्या ऑक्टोबरांत डिझेल सरकारी नियंत्रणांतून सुटल्यानंतर, कमी होत गेलें. आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम आल्यावर मारुतीनें डिझेल एंजिनें बंदच केलीं. ब्रेझास मग १४६२ सी.सी.चें टर्बोवांचूनचें पेट्रोल एंजिन मिळालें, १०५ अश्वशक्तीचें. हें एंजिन १२०० ची रेघ ओलांडतें. म्हणून हजार सी.सी.च्या अधिक जोरकस टर्बोवर शेंकडा २९ कर असतां यावर ४५ पडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे आंकडे १८ व ४० झाले. रेघ मात्र जेथल्या तेथेंच आहे. हा कर एंजिनाचें पोट मोजतो, त्यांत जळणारें पेट्रोल मोजीत नाहीं.

इंग्लंडांत असाच प्रकार होऊन गेला आहे. तेथें १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीच्या हिशेबानें कर होता; परंतु ती अश्वशक्ति सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास यांवरून काढीत, त्यांची उंची विचारांतच घेत नसत. कारखानदारांनीं काय करावें? त्यांनीं अरुंद व लांबट सिलिंडरांचीं एंजिनें बनविलीं. १९४७ सालीं ती पद्धत गेली, तोंवर त्या देशांतील मोटारीचा घाटच बदलून गेला होता.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. टर्बो एंजिन तेल वांचवितें काय? सपाटीवर, संथ चालीनें, होय. कारण लहान एंजिनांत घर्षण कमी, आणि तें आपल्या ताकदीच्या मानानें रिकामें फिरत नाहीं. परंतु पाय दाबला कीं हवा अधिक आणि हवेमागें पेट्रोलही अधिक. दाबानें तापलेली हवा अवेळीं पेट घेऊं नये म्हणून ती थंड करावी लागते. वैशाखांत भुसावळ-जळगांवची हवा पारा पंचेचाळिसाच्या घरांत नेते, तेव्हां थंड करावयास थंड हवा आणावी कोठून? ज्या आंकड्यांची जाहिरात होते ते तर प्रयोगशाळेंत, रुळांवर चाकें फिरवून घेतलेले. त्या परीक्षेंत ताशीं ९० किलोमीटरांच्या वर कोणी जात नाहीं आणि तिच्यांत कन्नडचा घाटही नाहीं.

मी मुलांना आयुष्यभर हौद व तोट्यांचीं गणितें घातलीं. येथेंही एक घालतों. वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास धरा. लिटरला १८ किलोमीटर पडले तर ६६७ लिटर लागतील. घाईच्या पायानें १५ पडले तर ८००. लिटरला १०० रुपये धरले तरी वर्षाचा फरक १३,००० च्या वर. कापसाचा भाव पडलेल्या सालीं ही रक्कम शेतकऱ्याच्या घरांत लहान नव्हे.

असें असूनही टर्बोस मी चैन म्हणणार नाहीं. पांच माणसें व सामान घेऊन घाट चढतांना पुढें लादलेला ट्रक रांगत आहे, समोरून वाहन दिसत नाहीं, आणि पुढें निघावयाचें आहे. त्या दहा सेकंदांत गाडीनें कच खाल्ली तर तिची काटकसर कोणाच्या कामाची? ज्याला महिन्यांतून चार वेळां संभाजीनगर किंवा इंदूर गांठावें लागतें, त्यानें हें बळ अवश्य घ्यावें. ज्याची गाडी अमळनेर, चोपडा, शिरपूर यांपलीकडे वर्षांतून दोनदांच जाते, त्यानें साधें एंजिन घेऊन घाटांत दुसऱ्या गिअरवर सावकाश चढावें. ट्रकामागें थांबण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

दुकानदार चाचणीसाठीं गांवांतच एक फेरी मारून आणतो. तीवर विसंबूं नये. ओळखीच्या कोणाकडे ती गाडी असेल तर चाळीसगांवीं टाकी कांठोकांठ भरावी, घरची माणसें बसवून कन्नडपर्यंत जाऊन यावें, आणि त्याच पंपावर पुन्हां कांठोकांठ भरून किती लिटर बसलें तें लिहून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं तेवढेंच अंतर धुळ्याच्या सपाट रस्त्यावर कापून तोच हिशेब करावा. दोन्हीं वेळीं चालविणारा मात्र एकच असावा.