प्रकाशप्रेरित प्रतिबल शिथिलन

प्रकाशप्रेरित प्रतिबल शिथिलन म्हणजे बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) आडबंधित जाळ्यात साठलेला अंतर्गत ताण प्रकाशाच्या साहाय्याने कमी होण्याची प्रक्रिया होय. जाळ्यातील काही सहसंयुज बंध तुटून पुन्हा जुळण्याजोगे असले, तरच ही प्रक्रिया घडते.

ताणाचे कारण

दातांतील पोकळी भरण्यासाठी वापरले जाणारे रेझिन निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत घट्ट होते. सुटे रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले गेल्यामुळे त्यांच्यातील अंतर घटते आणि पदार्थाचे आकारमान साधारणतः २ ते ५ टक्क्यांनी कमी होते. सुरुवातीला पदार्थ प्रवाही असल्याने हे आकुंचन सामावले जाते. जाळे तयार झाल्यावर मात्र त्याचे रूपांतर ताणात होते. परिणामी दात व भरण यांमध्ये फट पडू शकते.

यंत्रणा

ॲलिल सल्फाइड गट असलेल्या जाळ्यात प्रकाशामुळे निर्माण झालेले मुक्त मूलक त्या गटाच्या दुहेरी बंधाशी जोडले जाते. त्यातून बनलेले अस्थिर मूलक लगेच विभागते. त्या वेळी साखळीतील जुना बंध तुटतो, दुहेरी बंध पुन्हा तयार होतो आणि गंधकावरील नवे मूलक मुक्त होते. हे मूलक दुसऱ्या गटाशी हीच क्रिया करते. ताणलेल्या साखळ्या अशा रीतीने कमी ताणाच्या स्थितीत पुन्हा जुळतात. आदर्श स्थितीत आडबंधांची एकूण संख्या बदलत नाही. त्यामुळे ताण घटला तरी जाळे अखंड राहते.

मापन

नमुना ठरावीक प्रमाणात ताणून त्याची लांबी स्थिर ठेवतात व प्रतिबलातील घट नोंदवतात. साध्या घातांकी घटीत प्रतिबल मूळ मूल्याच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणाऱ्या वेळेला शिथिलन काल म्हणतात.

इतिहास

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्तोफर बोमन, टिमोथी स्कॉट व सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आडबंधित बहुवारिकांतील प्रकाशप्रेरित आकार्यतेचे वर्णन केले. २०११ मध्ये फ्रान्समधील लुडविक लायब्लर व सहकाऱ्यांनी उष्णतेने बंधांची अदलाबदल होणारी व्हिट्रिमर ही जाळी मांडली.

मर्यादा

प्रकाश थांबल्यावर मूलके परस्परांशी संयोग पावून नष्ट होतात आणि शिथिलन थांबते. जाड किंवा अपारदर्शक पदार्थात प्रकाश खोलवर पोहोचत नाही. काचेसारख्या कठीण अवस्थेत साखळ्यांची हालचाल मंदावते. म्हणून अशा पदार्थांत ताण घट्ट होण्याच्या काळातच कमी होणे महत्त्वाचे ठरते.