दुसऱ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न

कोणत्याही विद्येचा इतिहास तिच्या विजयांवरून लिहिण्याची चाल जुनी आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र तिच्या दुरुस्त्यांवरून वाचल्यास अधिक बोधप्रद होतो, असें आम्हांस वाटतें. पहिल्या शस्त्रक्रियेनें उपद्रव झाल्यावर दुसरी करून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न आज अनेक रुग्णांपुढें उभा आहे. आणि तो ह्या विद्येच्या जन्मापासूनच तिच्या पाठीशीं लागलेला आहे.

१९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व त्यांचे सहकारी ह्यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नास जवळची वाट करून देण्याची कल्पना मांडली. अन्नरसाचें शोषण लहान आंतड्यांत होतें. तेव्हां मार्ग तोकडा केला कीं शोषण घटेल, हा तर्क सरळ होता. १९५६ पासून लॉस एंजेलिसमध्यें पेन व डी-विंड ह्यांनीं तर लहान आंतडें एकदम मोठ्या आंतड्यास जोडून पाहिलें. वजन उतरलें खरें. पण अतिसारानें शरीरांतील पाणी व क्षार वाहून जाऊं लागले. वजन उतरल्यावर आंतडें पूर्ववत् करावें असा मूळ बेत होता. तो अमलांत आणतांच गेलेलें वजन परत आलें. पुढें १९६९ त त्यांनीं १४ इंच वरचा व ४ इंच खालचा भाग ठेवण्याची सुधारलेली रीत प्रसिद्ध केली, आणि पुढील दशकांत ती हजारों रुग्णांवर योजिली गेली.

तिचे दोष पहिल्या वर्षांत सर्वस्वीं दिसले नाहींत. ते सावकाश आले: मूतखडे, सांधेदुखी, वगळलेल्या आंतड्यांतील जंतूंचा उपद्रव, आणि कित्येकांचें यकृत् निकामी होणें. रुग्ण दुहेरी पेचांत सांपडला. जोडणी तशीच ठेवावी तर यकृत् जाणार. सोडवावी तर वजन परतणार. म्हणून पुष्कळ शस्त्रवैद्यांनीं जुनी जोडणी सोडवितांनाच जठरावर दुसरी शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग धरला. आज जिला दुरुस्तीची शस्त्रक्रिया म्हणतात, तिचें एक मूळ ह्या पेचांत आहे.

जठरावरील शस्त्रक्रियेचा पाया आयोवा येथील एडवर्ड मेसन व चिकाशी इटो ह्यांनीं १९६६ त घातला. व्रणासाठीं जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचें वजन वाढत नाहीं, ह्या निरीक्षणावरून त्यांनीं जठराची लहान पिशवी करून ती आंतड्यास जोडली. मेसन ह्यांनींच १९८० त आंतड्यास हात न लावतां टाके व पट्टी ह्यांनीं जठर अरुंद करण्याची रीत काढली. पण कांहींचे टाके सुटले, कांहींचें तोंड फार आकसलें, आणि घन अन्न उतरेना म्हणून रुग्ण गोड पातळ पदार्थांकडे वळले. मग आली फुगवितां येणारी पट्टी. १९८६ त कुझमाक ह्यांनीं ती वापरली, १९९३ पासून ती दुर्बिणीनें बसूं लागली, व २००१ त अमेरिकन सरकारनें तिला मान्यता दिली. ती काढतां येते हा तिचा मोठा गुण गाइला गेला. पुढें ती घसरूं लागली, कधीं जठरांत रुतूं लागली, आणि तो गुण फारच वेळां उपयोगांत आणावा लागला. त्यानंतर जठराची नळी करण्याची शस्त्रक्रिया पुढें आली. मूळची ती अतिस्थूल रुग्णांसाठीं मोठ्या शस्त्रक्रियेची केवळ पहिली पायरी होती. आज ती जगांत सर्वाधिक होते. तीनंतरही कित्येकांस आम्लपित्त असह्य होऊन पुन्हां शस्त्रवैद्याकडे जावें लागतें.

ह्या परंपरेंत एक सूत्र दिसतें. नव्या शस्त्रक्रियेचा गौरव एकदोन वर्षांच्या अनुभवावर होतो; तिचा न्याय मात्र दहा वर्षांनीं लागतो. ह्या मधल्या काळाची किंमत रुग्ण देतो, आणि वर ‘तुमचाच जिभेवर ताबा नाहीं’ असा ठपकाही तोच ऐकतो. वस्तुतः वजन उतरलें कीं शरीर भूक वाढवून तें परत मिळवूं पाहतें. हा शीलाचा दोष नव्हे.

तर मग दुसरी शस्त्रक्रिया करावी काय? पहिलीपेक्षां ती कठीण असते. जुन्या व्रणांनीं अवयव एकमेकांस चिकटलेले असतात, रक्तपुरवठ्याच्या वाटा बदललेल्या असतात, व जोड गळण्याचें भय अधिक असतें. म्हणून दोष रचनेचा आहे कीं वजन नुसतें परतलें आहे, हें दुर्बिणीनें व क्ष-किरणांनीं आधीं ठरविलें पाहिजे. पट्टी रुतली असल्यास ती काढण्यावांचून गत्यंतर नाहीं. नुसतें वजन परतलें असल्यास आहार, आणि २०२१ पासून अमेरिकेंत ह्या कामीं मान्य झालेलें सेमाग्लुटाइडसारखें औषध, ह्यांचा विचार आधीं करण्यास जागा आहे. लोह, ब-१ व ब-१२ ह्यांची उणीव तर कोणत्याही मार्गानें जाण्यापूर्वीं भरून काढणें अवश्य आहे.

शेवटीं एक साधी सूचना. पहिल्या शस्त्रक्रियेंत नेमकें काय कापलें व कोठें जोडलें, ह्याचा लेखी वृत्तांत प्रत्येक रुग्णानें मागून घेऊन घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा. दुसऱ्या शस्त्रवैद्यास पहिल्याचें काम अंधारांत चांचपावें लागूं नये, एवढी दक्षता तरी ह्या सत्तर वर्षांच्या इतिहासानें आपणांस शिकविली पाहिजे.