चोपचिनीने गरमीचा आजार बरा होतो का?

वाशीमला काष्ठौषधींच्या दुकानात चोपचिनी मागितली की गाठाळ मुळाचे तुकडे हातात पडतात. हे नाव फारसी आहे : चोब-ए-चीनी, म्हणजे चीनचे लाकूड. तुमच्या मसाल्याच्या डब्यातल्या दालचिनीतला 'चिनी'ही तोच.

मध्ययुगात इराणी-अरबी हकीम आणि चिनी वैद्य एकमेकांची औषधे वापरत, ग्रंथही वाचत. १३१३ च्या सुमारास तब्रीझमध्ये वजीर रशीदुद्दीनने चिनी नाडीपरीक्षेची माहिती फारसीत आणवली. चोपचिनी आपल्याकडे बरीच नंतर, १५३५ च्या सुमारास, समुद्रमार्गे गोव्यात आली. तेव्हा पोर्तुगीजांच्या काळात पसरलेल्या नव्या रोगाने, म्हणजे सिफिलिसने, लोक हैराण होते. आपल्याकडे त्याला फिरंगरोग म्हणत, बोलीत गरमी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या मुळावर एक पूर्ण संवाद लिहिला. त्याच शतकातल्या 'भावप्रकाश' ग्रंथातही फिरंगरोगावर चोपचिनी आहे.

इतक्या जाणकारांना गुण दिसला, तो कसा? सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. पुढे तळहात-तळपायांवर उठणारे पुरळही आपोआप जाते. त्या दिवसांत जे औषध चालू असेल, त्याला श्रेय मिळते. जंतू मात्र शरीरातच राहतात आणि काही वर्षांनी मेंदू, डोळे, हृदय यांना इजा करू शकतात. गर्भवतीकडून बाळाला संसर्ग होतो. बाळ पोटातच दगावूही शकते.

म्हणून जखम भरली तरी रक्त तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते, आणि गरोदरपणात ती चुकवू नका. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे कमरेत दिलेले एकच इंजेक्शन सहसा पुरते. आजार जुना असेल तर आठवड्याला एक, अशी तीन. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगा. जोडीदाराचीही तपासणी हवी, नाहीतर संसर्ग पुन्हा होतो.

सांधेदुखीसाठी वैद्यांनी चोपचिनी दिली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. लपवण्यासारखे त्यात काही नाही.