आजोबाही असेच होते का? स्वमग्नता आणि घराण्याचा इतिहास

मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले लगेच येते : "आमच्या घराण्यात असं कुणीच नव्हतं." दुसरे थोडे दिवस गेल्यावर, बहुधा एखाद्या म्हाताऱ्या आत्याबाईंकडून येते : "का? आपले अण्णा तरी काय वेगळे होते?"

या दोन वाक्यांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचा वैद्यकीय इतिहास दडलेला आहे. तो माहीत असला तर घरातली बरीच भांडणे मिटतात आणि मुलाला मदतही लवकर मिळते. म्हणून हा लेख.

शब्द नव्हता, माणसं होती

आपल्या भाषेत अशा माणसांसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. एककल्ली, घुमा, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, चक्रम, आपल्याच तंद्रीत असणारा. आणि प्रेमाने म्हणायचे तर देवमाणूस. हे शब्द स्वभावाचे आहेत, निदानाचे नाहीत. त्यामुळे कुटुंबाच्या आठवणीत अशी माणसे राहतात ती गमतीच्या गोष्टी म्हणून.

कापूरहोळचेच उदाहरण घ्या. पुणे-सातारा रस्त्यावर भोरचा फाटा फुटतो ते हे गाव. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. त्यांना दूध पाजणारी धाराऊ ही याच गावच्या गाडे पाटलांच्या घरातली. साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी तिचे नाव लोकांना पाठ आहे. पण त्याच पंचक्रोशीत एखादा मुलगा दिवसभर गुरांमागे एकटाच फिरत असेल, कुणाच्या डोळ्यांत बघत नसेल, आणि कळपातले प्रत्येक जनावर मात्र अचूक ओळखत असेल, तर त्याची नोंद कोण ठेवणार? बखरी, वंशावळी, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांत नावे मिळतात, नाती मिळतात. स्वभाव मिळत नाहीत.

शिवाय जुन्या शेतीच्या घरात अशा माणसाला जागा होती. ठरलेले काम, ठरलेली वेळ, तीच वाट, तीच माणसे. बोलणे कमी लागायचे. अनोळखी लोकांत वावरणे, मुलाखत देणे, गोंगाटाच्या वर्गात चाळीस मुलांबरोबर बसणे हे त्याच्या वाट्याला येतच नसे. त्याची अडचण झाकली जायची. ज्यांना बोलताच येत नव्हते किंवा स्वतःची काळजी घेता येत नव्हती, त्यांची मात्र परवड व्हायची. त्यांच्यासाठी 'खुळा' हा एकच शब्द होता. म्हणून "पूर्वी सगळं छान होतं" असाही समज करून घेऊ नका.

पहिल्या नोंदी, आणि त्यांत दिसलेले आईवडील

'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास वापरला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. मुलांकडे नीट पाहिले ते पुढच्या तिघांनी.

मॉस्कोतल्या डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज वाचले तर स्वमग्नता स्पष्ट ओळखू येते. पण पुढे कित्येक दशके त्यांच्या लिखाणाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

१९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर लेख लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याच्या वकील वडिलांनी कॅनर यांना मुलाविषयी ३३ पानांचे पत्र पाठवले होते. मुलगा काय करतो, काय बोलतो, कशाने चिडतो, सगळे तपशीलवार. म्हणजे ऑटिझमच्या निदानाची सुरुवातच घरच्या माणसाने लिहून ठेवलेल्या निरीक्षणांतून झाली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९४४ मध्ये व्हिएन्नात डॉ. हान्स आस्पर्गर यांनी चार मुलग्यांचे वर्णन केले. मुलांच्या घरच्यांना जवळून पाहता आले, तेव्हा आईवडिलांत किंवा नातेवाइकांत तशाच स्वभावाच्या खुणा आढळल्या, असे त्यांनी नोंदवले. (हेच आस्पर्गर नाझी राजवटीशी सहकार्य करत होते आणि काही मुलांना त्यांनी मृत्यूच्या दारी पाठवले, हे २०१८ मध्ये कागदपत्रांसह पुढे आले. त्यांचे नाव आजारासाठी वापरणे आता मागे पडत आहे, त्याचे हेही एक कारण.)

आता एक साधा हिशोब करा. तुमचे आजोबा १९३५ साली जन्मले असतील, तर ते बोलायला शिकत होते तेव्हा या नावाचे निदान जगात कुठेच अस्तित्वात नव्हते. अमेरिकेच्या निदानपुस्तिकेतही ते स्किझोफ्रेनियापासून वेगळे झाले ते १९८० मध्ये. मग "आमच्याकडे कुणाला असं निदान झालं नव्हतं" हे वाक्य खरे असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आईवर आलेला आळ

कॅनर यांनाही आईवडिलांत काही वेगळेपण दिसले होते. हुशार, कामात बुडालेली, भावना फारशा न दाखवणारी माणसे. याचा एक अर्थ असा होऊ शकत होता की मुलात जे ठळक आहे, ते मोठ्यांत फिकट स्वरूपात आहे. पण त्या काळाने दुसराच अर्थ काढला : आईवडील थंड आहेत, म्हणून मूल असे झाले. 'रेफ्रिजरेटर मदर' हा क्रूर शब्द रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधल्या पुस्तकाने या समजाला आणखी बळ दिले. कितीतरी आयांनी पुढची अनेक वर्षे स्वतःला दोष देत काढली.

हा समज मोडण्याची सुरुवात एका वडिलांनी केली. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून सांगितले की याचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

आपल्याकडे 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द आला नाही, पण आळ आलाच. "सून नोकरी करते", "सतत मोबाइल हातात दिला", "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही". यातल्या कशानेही स्वमग्नता होत नाही. लहान मुलाला मोबाइल देऊ नये हे खरेच, पण त्याची कारणे वेगळी आहेत.

जुळ्यांनी दिलेले उत्तर

१९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत किमान एक मूल स्वमग्न होते. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत दोघे नव्हते.

खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. बोलणे उशिरा येणे, भाषेच्या किंवा शिकण्याच्या अडचणी अशा सौम्य गोष्टीही धरल्यावर हे आकडे ११ पैकी ९ आणि १० पैकी १ असे झाले. म्हणजे वारशाने निदान जसेच्या तसे उतरत नाही, एक विस्तृत प्रवृत्ती उतरते. कुणात ती ठळक असते, कुणात नुसती छटा. २०१९ मध्ये पाच देशांतील सुमारे २० लाख मुलांच्या अभ्यासात, लोकांमधील स्वमग्नतेच्या फरकाचा जवळजवळ ८० टक्के भाग अनुवंशाशी निगडित असल्याचे दिसले. याचा अर्थ "मुलाला होण्याची शक्यता ८० टक्के" असा नाही. एका मुलाला स्वमग्नता असेल तर त्याच्या पाठच्या भावंडाला ती असण्याचे प्रमाण साधारण पाचांत एक आहे.

मग आलं कुणाच्या बाजूने?

हा प्रश्न सासर आणि माहेर यांच्यात तलवारीसारखा फिरतो. उत्तर ऐकून घ्या.

बहुतेक मुलांत एकच दोषी जनुक नसते. शेकडो जनुकांतले छोटे छोटे फरक एकत्र येतात. काही आईकडून, काही वडिलांकडून. प्रत्येक फरक निरोगी, कर्तबगार माणसांतही असतोच. काही मुलांत बदल आईवडील दोघांकडेही नसतो, तो नव्याने घडलेला असतो. थोड्या मुलांत फ्रॅजाइल एक्स, ट्युबरस स्क्लेरोसिस यांसारखे ओळखता येणारे कारण सापडते. त्यासाठी डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात. तीसुद्धा पुढच्या बाळंतपणाचा सल्ला देण्यासाठी असते, कुणाला दोषी ठरवण्यासाठी नाही.

घराण्याचा इतिहास कसा वाचावा

आता अण्णांकडे परत येऊ. रोज त्याच वेळी तीच पायवाट, ताटात पदार्थ एकमेकांना लागले तर उठून जाणारे, लग्नकार्यात मागच्या खोलीत बसणारे, पण एसटीचे वेळापत्रक तोंडपाठ असणारे. असे कुणी तुमच्या घरी होऊन गेले असेल, तर स्वमग्नतेची छटा असण्याची शक्यता आहे. पण गेलेल्या माणसाचे निदान करू नका. कमी ऐकू येणे, नैराश्य, एखादा मोठा धक्का, दुसरा मानसिक आजार यांनीही माणूस एकटा पडतो. स्वमग्नता लहानपणापासून असते. "अण्णा आजी गेल्यावर असे झाले" असेल, तर कारण वेगळे.

घरातल्या बायकांचाही विचार करा. कमी बोलणारी, मान खाली घालून काम करणारी, पाहुण्यांसमोर न येणारी सून 'गुणाची' ठरायची. मुली इतरांचे पाहून वागणे शिकतात आणि अडचण लपवतात. त्यामुळे त्यांच्यातली स्वमग्नता आजही उशिरा ओळखली जाते.

डॉक्टरांकडे जाताना डोनाल्डच्या वडिलांसारखे लिहून न्या. दोन पाने पुरेत :

- दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांत कुणी उशिरा बोलले का?
- कुणाला फिट्स, मतिमंदत्व, शिकण्यातील अडचण होती का?
- कुणी अतिशय एककल्ली, नियमाला चिकटणारे, आवाज किंवा स्पर्श सहन न होणारे होते का?
- हे लहानपणापासून होते, की नंतर सुरू झाले?

"हा बाबांवर गेलाय, तेही उशिराच बोलले" हे वाक्य मात्र जपून वापरा. ते खरे असेल, पण म्हणून थांबणे योग्य नाही. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर लगेच तपासून घ्या. तपासणीत कानाची तपासणी आधी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यांनाही दाखवता येते.

आपल्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव प्रथम १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आहे आणि तिचे प्रमाणपत्र मिळते. अण्णांना यातले काहीच मिळाले नाही.

आणि हा लेख वाचताना तुम्हाला मुलाऐवजी स्वतःचेच लहानपण आठवले असेल, तर घाबरू नका. अनेक आईवडिलांना स्वतःची ओळख मुलाच्या निदानानंतरच होते. रोजच्या जगण्यात अडत असेल तर मोठ्यांनाही मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेता येते. अडत नसेल, तर तुमच्याकडे एक मोठी गोष्ट आहे : गर्दीत आपल्या मुलाला नेमके काय होते, हे घरात कुणी सांगू शकत असेल तर ते तुम्हीच.