स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, मुंबई

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, मुंबई : एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापक व आजी-माजी विद्यार्थी यांनी निबंधवाचन आणि चर्चा यांसाठी स्थापन केलेली संस्था. स्थापना १३ जून १८४८. मुंबई विद्यापीठ (१८५७) अस्तित्वात येण्यापूर्वीच्या पश्चिम भारतातील विद्यार्थिमंडळांत हिचे कार्य सर्वांत दूरगामी ठरले. प्रा. जोसेफ पॅटन हे पहिले अध्यक्ष होत. पुढे भाऊ दाजी लाड हे संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

सभासदांनी साहित्य, शास्त्र व समाज यांविषयी इंग्रजीत निबंध वाचावयाचे आणि इतरांनी त्यांवर मते मांडावयाची, अशी कामकाजाची रीत होती. धर्म व राजकारण हे विषय वर्ज्य मानले होते. हे पथ्य निष्कारण नव्हते. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने आणि १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री प्रकरण उद्‌भवल्याने इंग्रजी शिक्षणाविषयी शहरातील घराघरांत संशय पसरला होता. धर्मचर्चा चालणाऱ्या सभेस पालकांनी आपल्या मुलांना जाऊ दिले असते, असे वाटत नाही.

तथापि ज्या विषयाने संस्थेला कीर्ती मिळाली, तो धर्माच्या वादापासून वाटतो तितका दूर नव्हता. १८४९ मध्ये बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा नुसती बोलण्यावर न थांबता तीतून शाळा निघाव्यात, असा आग्रह पॅटन यांनी धरला व तरुण सभासदांनी तो मनावर घेतला. त्यांत दादाभाई नवरोजी (१८२५–१९१७) अग्रभागी होते. आपल्या ओटीवर बसून मुलींना लिहावाचावयास शिकवू द्यावे, अशी विनंती करीत ही मंडळी पारशी कुटुंबांत घरोघर हिंडली. काही गृहस्थांनी आपणांस पायऱ्यांवरून ढकलून देण्याची भाषा केली, ही आठवण दादाभाईंनी वृद्धापकाळी नमूद केली आहे. त्याच वर्षी वर्ग सुरू झाले. प्रारंभी ४४ पारशी व २४ हिंदू मुली येत. सभासद आपापले नित्याचे काम सुरू होण्यापूर्वी सकाळी विनावेतन शिकवीत.

मुलींच्या शाळा तेव्हा अगदीच नव्या नव्हत्या. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ मध्ये आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात १८४८ मध्ये अशी शाळा काढली होती. मिशनच्या शाळांत धर्मांतराचे भय वाटे. येथे मात्र शिकविणारे परिचित घरांतील तरुण होते व धर्मशिक्षणाचा प्रश्न नव्हता. त्यामुळे प्रतिष्ठित कुटुंबांचा विरोध हळूहळू मावळला. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी शाळेस साहाय्य केले, तर पारशी शाळांना कामा घराण्याचा आधार मिळाला. पारशी मुलींच्या शाळा कालांतराने स्वतंत्र मंडळाकडे गेल्या.

इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी १८४८ मध्येच मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० ते १८६७ पर्यंत चालले. रसायन, भूगोल, इतिहास यांसारखे विषय मराठीत सुबोधपणे मांडण्याचा सराव लेखकांना त्यातून घडला आणि हे काम मूळ सभेतील इंग्रजी निबंधांपेक्षा मोलाचे म्हणावे लागेल. गुजराती भाषिकांची बुद्धिवर्धक सभा १८५१ मधील. या मंडळींच्या वर्तुळातील करसनदास मुळजी यांना विधवाविवाहावर निबंध लिहिल्यामुळे घर सोडावे लागले.

विद्यापीठ स्थापन होऊन महाविद्यालयांचे स्वरूप पालटल्यावरही मूळ संस्थेतील वाचने चालू राहिली. रामायणाची कथा होमरवरून घेतली असावी, या जर्मन पंडित वेबर यांच्या मताचे खंडन करणारा काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा निबंध प्रथम याच सभेपुढे वाचला गेला. १८७३ मध्ये तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा तेलंग अवघे तेवीस वर्षांचे होते.